मोठा हर्डिंग बॉल : कसा निवडावा, कसा खेळवावा

हर्डिंग बॉल म्हणजे कळप वळवणाऱ्या जातींच्या कुत्र्यांसाठीचा मोठा चेंडू. तो तोंडात धरायचा नसतो. कुत्र्याने तो नाकाने, छातीने, खांद्याने ढकलायचा असतो. बॉर्डर कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, जर्मन शेफर्ड या जाती मेंढ्या वळवण्याच्या कामासाठीच घडल्या. फ्लॅटमध्ये वाढलं तरी धावत्या गोष्टीला आडवं जाऊन वळवायची त्यांची ओढ जात नाही. मग ती सोसायटीतल्या सायकलींवर नाहीतर मुलांच्या टाचांवर निघते. या ओढीला चेंडू हक्काचं काम देतो. जर्मनीत याच कल्पनेतून ‘ट्राइबबॉल’ हा खेळ उभा राहिला. त्यात आठ मोठे चेंडू असतात आणि कुत्रं मालकाच्या खुणेवर एकेक चेंडू गोलपोस्टमध्ये आणतं.

आपल्याकडे धनगरांची कुत्री मुख्यतः कळपाची राखण करतात. त्यामुळे राखणीच्या वळणाच्या कुत्र्याने चेंडूकडे पाठ फिरवली, तर त्याला दोष देऊ नका. आधी दुकानातल्या नमुन्याच्या चेंडूवर खेळवून बघा, मगच घ्या.

माप

कुत्रं सरळ उभं करून जमिनीपासून खांद्यापर्यंत टेप लावा. चेंडू निदान छातीच्या वर यायला हवा, खांद्याएवढा असला तर उत्तम. बॉर्डर कॉलीला ५५ ते ६५ सेंमीचा चेंडू छान चालतो. दोन मापांत मन अडलं तर मोठं घ्या. लहान चेंडूवर जबडा बसतो, आणि एकदा जबडा बसला की ढकलणं संपून फाडणं सुरू होतं.

कडक प्लास्टिकचा चेंडू पंक्चर होत नाही, पण चावायचा प्रयत्न करणाऱ्या कुत्र्याचे सुळे त्यावर झिजतात, नाकही खरचटतं. आमचा कल कापडी आवरणाच्या, आत ब्लॅडर (हवा भरायची रबरी पिशवी) असलेल्या चेंडूकडे आहे. हवा मात्र टणक भरा, आवरणाला सुरकुती राहू देऊ नका; दात सुरकुतीतच रुततात.

पहिले दिवस

चेंडू भिंतीला टेकवून स्थिर ठेवा आणि त्याच्या बुडाशी खाऊचा तुकडा सरकवा. तो काढताना नाक चेंडूला लागेल; लागलं की लगेच शाबासकी द्या. मग भिंतीपासून थोडं लांब या. ‘ढकल’ शिकवाल त्याच आठवड्यात ‘बस’ही पक्कं करा, कारण ही कुत्री आपणहून थांबत नाहीत. दमून जीभ लोंबली तरी ढकलत राहतात. म्हणून खेळ कधी संपला हे तुम्हीच ठरवायचं. पाच-सात मिनिटं खेळवा, पाणी द्या, विसावा द्या.

मार्च ते जूनमध्ये फक्त भल्या पहाटे खेळवा. धाप थांबेना, हिरड्या गडद लाल झाल्या किंवा पाय लटपटले, तर उष्माघात समजा. सावलीत नेऊन साध्या पाण्याने अंग भिजवा, वारा घाला आणि ताबडतोब पशुवैद्याकडे न्या. भरल्या पोटी खेळवू नका. वाढीच्या वयातल्या पिल्लाला जोरात वळणं घ्यायला लावू नका, त्याचे सांधे अजून कच्चे असतात. लहान मुलं मैदानात असतील तर चेंडू काढूच नका.

खेळ झाला की चेंडू नजरेआड ठेवा. अंगणात पडून राहिला तर कुत्रं एकटंच त्याच्या मागे लागतं. उन्हातही ठेवू नका, आतली हवा तापून फुगते आणि शिवण उसवते. पावसाळ्यात आवरण धुऊन पूर्ण वाळवा. ब्लॅडर फुटला तर रबराचे सगळे तुकडे लगेच वेचा, ते गिळले गेले तर आतड्यात अडकतात. नवा ब्लॅडर आमच्याकडे सुटा मिळतो, त्यासाठी आवरण टाकून देऊ नका.