उपचाराचा खर्च कुणाचा? आपत्कालीन आणि तुरुंग कर्मचाऱ्यांच्या समुपदेशनामागचा इतिहास

आग विझवताना अग्निशमन जवानाचा पाय मोडला, तर प्लास्टरचे पैसे कुणी भरायचे हा प्रश्न अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीच सुटला. 1911 मध्ये विस्कॉन्सिनचा कामगार भरपाई कायदा अमलात आला आणि दशकभरात बहुतेक राज्यांनी तोच मार्ग धरला. व्यवहार सरळ होता. चूक कुणाची याचा काथ्याकूट नको. इजा कामामुळे झाली असेल तर उपचार आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग मालकानं द्यायचा, आणि त्या बदल्यात कामगारानं मालकावर दावा लावायचा नाही. पण त्याच जवानानं त्याच आगीतून निष्प्राण मूल बाहेर आणलं आणि त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली, तर समुपदेशकाची फी कुणी द्यायची? याचं उत्तर शोधण्यात जवळजवळ शतक गेलं. वरवर हा वाद पैशाचा वाटतो. खोलात गेलं की दिसतं, मनाला झालेली इजा कामामुळेच झाली हे सिद्ध करण्याचं ओझं कुणी वाहायचं, यावर सगळं अडलं होतं.

सुरुवातीच्या कायद्यांत मनाची इजा नव्हतीच. शरीराला मार लागला आणि त्यातून मन खचलं, तर कोर्टं भरपाई द्यायची. अंगावर ओरखडाही नसेल तर दावा फेटाळला जायचा. या भिंतीला पहिली मोठी भेग 1955 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात पडली. उंच इमारतीवर काम करणाऱ्या एका कामगाराच्या पायाखालची परांची कलली. सोबतचा माणूस त्याच्या डोळ्यांदेखत खाली कोसळून मेला. हा स्वतः दोरात अडकला म्हणून वाचला. शरीराची इजा किरकोळ होती, पण पुन्हा उंचावर चढायचं म्हटलं की त्याला कापरं भरायचं. मज्जासंस्थाही शरीराचाच भाग आहे, असं म्हणत कोर्टानं भरपाई मंजूर केली. 1960 मध्ये मिशिगनच्या न्यायालयानं आणखी एक पाऊल टाकलं. मोटार कारखान्यातल्या कामाच्या ताणानं मन कोसळलेल्या कामगाराला तिथं भरपाई मिळाली, तीही कोणताही अपघात झालेला नसताना.

बाकीची राज्यं मात्र बिचकली. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयानं 1981 मध्ये स्पष्ट सांगितलं की निव्वळ मानसिक कारणातून आलेली निव्वळ मानसिक इजा आमच्या कायद्यात बसत नाही. बसवायची असेल तर विधिमंडळानं ठरवावं. यामागची भीती समजण्यासारखी आहे. तुटलेलं हाड क्ष-किरणांत दिसतं, तुटलेलं मन दिसत नाही. एकाला दिलं की दावे घेऊन रांग लागेल, हा युक्तिवाद त्या काळापासून आजतागायत चालू आहे.

वैद्यकशास्त्राची वाटचाल इथं थोडक्यात सांगून पुरे. 1915 मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’वर, म्हणजे रणांगणावरच्या सैनिकांच्या मानसिक धक्क्यावर लिहिलं. त्यानंतरच्या प्रत्येक युद्धानं त्या आजाराला नवं नाव दिलं आणि शांतता येताच जग ते विसरलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे 1980 मध्ये ‘पीटीएसडी’ (भयंकर आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार) हे निदान अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-3 या अधिकृत यादीत आलं. आपत्कालीन सेवेतल्या लोकांच्या दृष्टीनं याचा अर्थ मोठा होता, कारण नेमकं निदान असल्याशिवाय भरपाईचा अर्ज पुढे सरकत नाही.

खात्यांनी स्वतःहूनही काही केलं. लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यानं 1968 मध्ये पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ नेमला. पुढे दारूच्या व्यसनासाठी मालकांनी सुरू केलेल्या मदत योजना वाढत गेल्या आणि त्यांतून ‘एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम’ आले. वर्षाला समुपदेशनाची ठरावीक मोफत सत्रं, फोन करायला एक क्रमांक, असं त्यांचं स्वरूप. किरकोळ अडचणीला ते पुरतं. बसच्या अपघातातले मृतदेह गोळा करून आलेल्या माणसाला पुरत नाही. शिवाय त्या समुपदेशकानं अशा जागेची कल्पनाही केलेली नसते, ही तक्रार रुग्णवाहिकेवरची माणसं आजही करतात.

1983 मध्ये जेफ्री मिचेल यांनी वेगळी पद्धत मांडली. ते स्वतः अग्निशमन दलात आणि रुग्णवाहिकेवर काम केलेले. मोठी दुर्घटना झाली की एक ते तीन दिवसांत त्या पथकाला एकत्र बसवायचं, सात टप्प्यांत बोलतं करायचं, सोबत एक मानसतज्ज्ञ आणि त्याच सेवेतले प्रशिक्षित सहकारी. ‘डीब्रीफिंग’ या नावानं ही पद्धत दलादलांत पसरली. पसरण्याचं एक कारण तिचा चांगुलपणा होता: पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं, ‘बसा, काय झालं ते सांगा.’ दुसरं कारण खर्चाचं होतं. एक खोली आणि दोन-तीन तास मिळाले की खात्याची जबाबदारी संपली, असा समज करून घेता येत होता.

पुढे पुरावा वेगळं बोलू लागला. भाजलेल्या रुग्णांवरच्या 1997 च्या ब्रिटिश चाचणीत एकदाच डीब्रीफिंग मिळालेल्यांपैकी 26 टक्क्यांना 13 महिन्यांनी पीटीएसडी आढळला. काहीच न मिळालेल्यांत हे प्रमाण 9 टक्के होतं. 2002 मध्ये कॉक्रेन आढाव्यानं, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासानं, निष्कर्ष काढला की एकाच सत्राच्या डीब्रीफिंगनं पीटीएसडी टळत नाही, सक्तीनं तर ते करूच नये. मिचेल यांच्या बाजूचे लोक म्हणाले, या चाचण्या एकेकट्या रुग्णांवर झाल्या. आमची पद्धत पथकांसाठी आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही एका बैठकीत भागतं ही समजूत मोडली ते बरंच झालं. तिचा फोलपणा ऑस्ट्रेलियात आधीच दिसला होता. फेब्रुवारी 1983 च्या वणव्यांनी तिथं 75 बळी घेतले. अलेक्झांडर मॅकफार्लेन यांनी 469 स्वयंसेवी अग्निशमन जवानांची 4, 11 आणि 29 महिन्यांनी तपासणी केली, तेव्हा सुरुवातीला ठीक असलेल्या काही जणांची लक्षणं नंतर उफाळून आली. दुर्घटनेनंतरच्या आठवड्यात समुपदेशन देऊन फाइल बंद करणाऱ्या खात्याला ही माणसं कधी दिसणारच नव्हती.

आता तुरुंगाकडे वळतो, कारण या इतिहासात तुरुंगाचं नाव नेहमी शेवटी येतं. 9 सप्टेंबर 1971 ला न्यू यॉर्क राज्यातल्या ॲटिका तुरुंगात कैद्यांनी उठाव केला आणि कर्मचाऱ्यांना ओलीस धरलं. चार दिवसांनी राज्य पोलिसांनी गोळीबार करत तुरुंग परत घेतला. त्या गोळ्यांनी 29 कैदी आणि 10 ओलीस मेले. उठावातल्या एकूण मृतांचा आकडा 43. वाचलेल्या ओलिसांना काही महिने घरी बसायला सांगितलं गेलं आणि पगारासारखे दिसणारे चेक येत राहिले. विधवांनाही चेक आले. घर चालवायला ते वटवले गेले. ते चेक कामगार भरपाईचे होते आणि एक जरी वटवला तरी राज्यावर दावा लावण्याचा हक्क संपतो, हे त्यांना नंतर कळलं. मालकाचं कवच म्हणून 1911 च्या व्यवहारात जे कलम आलं, ते इथं वाचलेल्यांवर आणि विधवांवरच उलटलं. चेक न वटवलेली एक विधवा पुढे खटला लढली आणि जिंकली. बाकीचे तिच्या निकालाकडे बघत राहिले.

उपचार कुणालाच मिळाले नव्हते. पुढे जवळपास तीस वर्षांनी वाचलेले कर्मचारी आणि मृतांचे नातेवाईक ‘ॲटिकाचे विस्मृतीत गेलेले बळी’ या नावानं एकत्र आले. त्यांच्या पाच मागण्या होत्या: माफी, सरकारी कागदपत्रं खुली करणं, दरवर्षी तुरुंगाबाहेर स्मृतिसभा घेण्याचा हक्क, भरपाई आणि समुपदेशन. 2005 मध्ये राज्यानं 1 कोटी 20 लाख डॉलरची भरपाई मान्य केली. तीन दशकं उलटल्यावरही ही माणसं पैशाच्या जोडीनं समुपदेशन मागत होती, ही गोष्ट मला या सगळ्या कहाणीत सर्वांत बोलकी वाटते.

मिळालं तरी माणूस समुपदेशनाला जाईल का, हा वेगळाच पेच होता. खात्यानं पैसे दिले म्हणजे खात्याला सगळं कळणार, पिस्तूल काढून घेणार, टेबलावरच्या कामाला बसवणार, ही धास्ती खोटी नव्हती. इथं इलिनॉयमधलं एक प्रकरण निर्णायक ठरलं. 1991 मध्ये शिकागोजवळच्या हॉफमन इस्टेट्समधल्या एका महिला पोलीस अधिकाऱ्यानं कामावर असताना एका माणसाला गोळी घातली आणि तो मेला. त्यानंतर ती सुमारे 50 वेळा एका परवानाधारक समाजसेविकेकडे समुपदेशनाला गेली. ती समाजसेविका त्याच गावाच्या प्रशासनाची नोकर होती. मृताच्या कुटुंबानं दावा लावला आणि त्या सत्रांच्या नोंदी मागितल्या. अधिकारी आणि समाजसेविका दोघींनी नकार दिला. खटल्याच्या न्यायाधीशानं ज्यूरीला सांगितलं, नोंदी लपवल्या म्हणजे त्या प्रतिकूल असणार असं धरायला हरकत नाही. जॅफी विरुद्ध रेडमंड हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जून 1996 मध्ये सात विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल लागला: मानसोपचारातला संवाद गोपनीय राहील, उपचार करणारी व्यक्ती समाजसेविका असली तरी. कुटुंबाच्या बाजूनं पाहिलं तर हा निकाल कठोर आहे. त्यांच्या माणसाचा जीव का गेला, हे शोधण्याची एक वाट त्यानं बंद केली. पण बोललेलं उद्या कोर्टात वाचलं जाणार असेल, तर खात्याच्या पैशांनी चालणाऱ्या समुपदेशनात कुणी खरं बोललं नसतं.

याच सुमाराला ब्रिटनमध्ये दार बंद होत होतं. 1989 मध्ये हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानावरच्या दुर्घटनेत चेंगराचेंगरीत सापडलेल्यांना वाचवायला धावलेल्या पोलिसांनी मानसिक इजेसाठी भरपाई मागितली. 1998 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं, ती नाकारली: स्वतःच्या जिवाला धोका नव्हता, मग केवळ नोकरीत होते म्हणून वेगळा हक्क नाही. मृतांच्या नातेवाइकांचे दावे आधीच फेटाळले गेले होते. त्यांना नाही आणि पोलिसांना हो, हे न्यायाला धरून झालं नसतं, असंही त्यामागे होतं.

सिद्ध करण्याचं ओझं दुसऱ्या खांद्यावर गेलं ते 2012 पासून. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतानं त्या वर्षी कायद्यात गृहीतच धरलं की अग्निशमन, पोलीस किंवा रुग्णवाहिका सेवेतल्या माणसाला पीटीएसडी झाला तर तो कामामुळेच. नसेल तर ते दुसऱ्या बाजूनं सिद्ध करावं. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे त्याच अधिकृत यादीच्या नव्या आवृत्तीत, मानवी अवशेष गोळा करणाऱ्या आपत्कालीन कर्मचाऱ्यांचा उदाहरण म्हणून थेट उल्लेख आला, म्हणजे कामाचा भाग म्हणून वारंवार पाहिलेलंही आघातात मोजलं जाऊ लागलं. अमेरिकेत बदल घडायला मात्र शोकांतिका लागल्या. डिसेंबर 2012 मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हूकच्या शाळेत गोळीबारात 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. आत शिरलेल्या पोलिसांपैकी अनेकांना कनेक्टिकटच्या कायद्यात जागाच नव्हती; त्यांच्यासाठी वेगळा मदतनिधी उभारावा लागला. कायदा बदलायला 2019 उजाडलं, आणि तेव्हाही यादीत पोलीस, अग्निशमन जवान आणि पॅरोल अधिकारीच होते. तुरुंग कर्मचारी, रुग्णवाहिकेवरचे लोक आणि आपत्कालीन फोन घेणारे 2021 मध्ये आले.

मिनेसोटानं 2019 पासून हे गृहीतक लागू केलं आणि तुरुंग अधिकाऱ्यांना पहिल्याच यादीत घेतलं. 2020 मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर त्याच राज्यातल्या मिनियापोलिसच्या शेकडो पोलिसांनी पीटीएसडीच्या कारणावरून नोकरी सोडण्याचे अर्ज केले आणि तिजोरीला घाम फुटला. 2023 च्या कायद्यानं म्हणून नवी अट घातली: पोलीस आणि अग्निशमन सेवेतल्या माणसाला मानसिक आजारामुळे अपंगत्व निवृत्ती हवी असेल, तर आधी 24 आठवडे, गरज पडल्यास आणखी 8 आठवडे उपचार घ्यायचे, खर्च मालकाचा, पगार पूर्ण चालू. हेतू पैसे वाचवण्याचा होता हे मान्य करूनही मी याला प्रगती म्हणेन. आजवर खातं माणूस गमावल्याची किंमत मोजत होतं, आता त्याला बरं करण्याची मोजणार आहे.

तुरुंगाचा प्रश्न यातही पुरता सुटत नाही. कनेक्टिकटच्या कायद्यात पात्र ठरणाऱ्या घटनांची यादी आहे: मृत बालक पाहणं, कुणाचा मृत्यू डोळ्यांनी पाहणं, पुढे दगावलेल्या जखमीवर उपचार करणं किंवा त्याला उचलून नेणं, कायमचं विद्रूप करणारी भयंकर इजा पाहणं. रुग्णवाहिकेवरच्या माणसाला यातली तारीख सांगता येते. कोठडीच्या रांगेत वर्षानुवर्षं धमक्या ऐकलेल्या, अंगावर घाण फेकली गेलेल्या, प्रत्येक दार उघडताना हल्ल्याच्या तयारीत उभ्या राहिलेल्या रक्षकाला अशी एक तारीख सहसा नसते. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतानं 2016 च्या कायद्यात घटनांची यादीच ठेवली नाही. तुरुंगात आणि बालसुधार केंद्रांत काम करणाऱ्यांसह सगळ्यांसाठी मनोविकारतज्ज्ञाचं किंवा मानसशास्त्रज्ञाचं डीएसएम-5 नुसार निदान पुरे धरलं. बदली, शिस्तभंगाची कारवाई किंवा बडतर्फी अशा मालकाच्या निर्णयांतून आलेला त्रास तेवढा वगळला.