शिंगाळ्याच्या मिशा डंख मारत नाहीत

कर्नाटकातील घटप्रभा नदीवरील हिडकल जलाशयात गळ टाकणाऱ्यांना शिंगाळा या माशाच्या मिशा डंख मारतात असे सांगितले जाते; ते खरे नाही. या मऊ मिशा गढूळ पाण्यात स्पर्शाने आणि चवीने भक्ष्य शोधण्यासाठी असतात. इजा होते ती पाठीवरच्या आणि दोन्ही कल्ल्यांमागच्या परांतील टणक काट्यांमुळे: मासा बिथरला की हे काटे ताठ होऊन तसेच अडकून राहतात, बाजूच्या काट्यांची मागची कड करवतीसारखी दातेरी असते आणि काही जातींत काट्यालगत विषग्रंथीही असतात. मिशा टाळण्यासाठी मासा डोक्यामागे आवळला, तर हात नेमका याच काट्यांवर पडतो, आणि म्हणूनच हा समज, विशेषतः मुलांसाठी, घातक आहे. गळ पक्कडीने सोडवावा. काटा रुतल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी. टोक आत तुटले असल्यास डॉक्टरांकडे जावे.