'लाँग गॅप' म्हणजे नेमका किती गॅप? अन्ननलिका तुटक असलेल्या बाळांच्या ऑपरेशनची पार्श्वभूमी

काही बाळांची अन्ननलिका जन्मतःच सलग नसते, मधे तुटून तिची वरचं आणि खालचं अशी दोन टोकं राहतात. या आजाराची वर्णनं सतराव्या शतकापासून सापडतात, पण फिस्टुलासकट, म्हणजे अन्ननलिकेचं टोक श्वासनलिकेला जोडलेलं असताना, जन्मलेलं बाळ वाचायला १९३९ साल उजाडलं, तेही टप्प्याटप्प्याने ऑपरेशनं करून. मग १९४१ ला अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये १२ दिवसांच्या मुलीची दोन्ही टोकं थेट एकमेकांना शिवली आणि ती जगली. पुढे भूल सुधारली, व्हेंटिलेटर आले, शिरेतून पोषण देता यायला लागलं. १९९४ मध्ये लंडनहून आलेल्या आकड्यांत दीड किलोच्या वरचं आणि हृदयात मोठा दोष नसलेलं बाळ असेल तर ९७ टक्के वाचत होती.

म्हणजे टोकं जवळ असतील तर प्रश्न बराचसा सुटला होता. खरा वाद टोकं लांब असली की सुरू होतो, आणि तो आधी शब्दावरूनच. 'लाँग गॅप' कुणी दोन सेंमीच्या पुढे म्हणायचं, कुणी तीनच्या, कुणी सेंटिमीटर सोडून मणके मोजायचं. त्यात मोजतात कसं बघा, वरच्या टोकात तोंडातून सळई आणि खालच्या टोकात पोटावरच्या भोकातून दुसरी, आणि एक्सरेखाली बघायचं. आता सळई जरा दाबली की टोकं सरकतात आणि तोच गॅप कमी दिसतो! दाबून मोजला की न दाबता, हे लिहिलंच नसेल तर दोन हॉस्पिटलांचे रिझल्ट शेजारी ठेवून काय कळणार.

आणि या शब्दावर बाळाचं पुढचं सगळं ठरायचं. एकदा 'लाँग गॅप' म्हटलं की बऱ्याच ठिकाणी वरचं टोक मानेवर बाहेर काढायचे आणि नंतर जठर किंवा मोठं आतडं वर ओढून नवी नलिका करायचे. अशा बाळाच्या मानेवर सारखी लाळ येते, फडकं बदलत राहायचं, कातडी लाल होते. गिळायची सवय सुटू नये म्हणून आई तोंडाने दूध पाजते, ते मानेतून बाहेर येतं, आणि पोट भरतं ते नळीतून. जिथे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) महिनोन्महिने बेड आणि नर्स मिळणं शक्य नाही तिथे हा रस्ता समजण्यासारखा आहे, त्याला चूक म्हणणार नाही. पण मला स्वतःला वाटतं की बाळाची स्वतःची अन्ननलिका शक्य तिथवर सोडू नये.

कारण दुसरे रस्ते आहेत. एक म्हणजे थांबणं, साधारण तीन महिने वरच्या टोकातली लाळ सतत सक्शनने ओढत राहायची, तेवढ्यात टोकं आपोआप वाढून जवळ येतात. दुसरा १९९७ मध्ये अमेरिकेतून मांडला गेला, दोन्ही टोकांना टाके घालून दोरे पाठीतून बाहेर काढायचे आणि रोज थोडे थोडे ताणायचे. ताणाने नलिका खरंच वाढते की नुसती लांबते, यावर खूप भांडण झालं, आणि टाके फाटून येण्याची भीतीही खरी होती. दुर्बिणीतून ऑपरेशन आल्यावर हे ताणणंही काही सेंटरं छाती न उघडता करायला लागली.

अलीकडे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सेंटिमीटर बाजूला ठेवून सोपी खूण घेतली, एक्सरेत पोटात हवाच नसेल तर लाँग गॅप धरायचा, कारण हवा नाही म्हणजे खालच्या टोकाला फिस्टुला नाही आणि अशा बाळांत अंतर बहुधा मोठंच असतं. ज्यांच्यात खाली फिस्टुला आहे तरी टोकं जुळत नाहीत ती बाळं यात बसत नाहीत, त्यांच्यासाठी जोड का अवघड गेला ते कारण वेगळं लिहायचं असं ठरलंय. हे कारण आणि मोजायची पद्धत ऑपरेशनच्या नोटमध्ये हवीच, दुसऱ्या शहरातल्या सर्जनकडे बाळ नेलं तर तो आधी तेच शोधतो.