फ्लेकी टेस्ट : फ्लोटिंग पॉइंट आकडेमोडीतील

कोड तोच असताना कधी पास आणि कधी फेल होणाऱ्या सॉफ्टवेअर-चाचणीला फ्लेकी टेस्ट म्हणतात. नेटवर्कचा विलंब, थ्रेडांमधील चढाओढ, घड्याळावर विसंबलेला कोड ही तिची नेहमीची कारणे. प्रस्तुत नोंदीत एकाच उपप्रकाराचा विचार केला आहे : कंपायलरचे फ्लॅग (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करताना द्यायचे पर्याय) किंवा प्रोसेसर बदलल्याने फ्लोटिंग पॉइंट (अपूर्णांकी संख्यांच्या) आकडेमोडीचे उत्तर शेवटच्या काही बिटांत बदलते आणि त्या उत्तरावर बेतलेली चाचणी फसते.

आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकानुसार दुहेरी अचूकतेच्या ६४ बिटी संख्येत ५३ सार्थ बिट असतात. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मांडता येत नाही. संगणकात साठते ती संख्या किंचित मोठी असते. तिला १० ने गुणले की खरा गुणाकार १ पेक्षा २ च्या उणे ५४ व्या घाताइतका जास्त येतो. ५३ बिटांत हा फरक मावत नाही, म्हणून उत्तर नेमके १ होते. तोच गुणाकार ६४ सार्थ बिटांच्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतील साठवणजागेत) राहिला तर फरक टिकतो आणि ‘उत्तर १ आहे का?’ या तुलनेला ‘नाही’ असे उत्तर मिळते. दोन्ही उत्तरे आपापल्या नियमांनी बरोबर आहेत. (पडताळा घेताना संख्या प्रोग्राम चालू असताना वाचाव्यात, त्या कोडमध्येच लिहिल्या तर कंपायलर गुणाकार आधीच करून ठेवू शकतो.)

उगम : या उपप्रकाराचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. प्रचलित लेखनात तो बहुधा जीसीसी कंपायलरच्या २००० साली नोंदवलेल्या बग क्र. ३२३ पासून धरतात. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्यासाठी कंपायलर करतो ते फेरफार) सुरू केले की फ्लोटिंग पॉइंटची उत्तरे विचित्र येतात, अशी ती तक्रार होती. तिच्यासारख्या असंख्य तक्रारी पुढे याच क्रमांकाला जोडल्या गेल्या. त्यामुळे तो क्रमांक या विषयाची खूण ठरला. दुसऱ्या मतानुसार मूळ आणखी मागे, इंटेलच्या १९८० मधील ८०८७ या सहप्रोसेसरात आहे. त्याची आठ रजिस्टरे प्रत्येकी ८० बिटांची असून त्यांत ६४ सार्थ बिट मावतात. त्याच्या आराखड्यात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम काहान सल्लागार होते. मधल्या पायऱ्या जास्त बिटांत केल्या की अंतिम उत्तरातील चूक घटते, हा त्यामागचा विचार. तो गणिताच्या दृष्टीने निर्दोष होता. मात्र मधले मूल्य रजिस्टरमध्ये किती काळ ठेवायचे आणि स्मृतीत केव्हा लिहायचे हे कंपायलर ठरवतो, आणि स्मृतीत लिहिताना ते ५३ बिटांवर येते. त्यामुळे उगम १९८० च्या आराखड्यात आणि दोष ठळक होण्याचा काळ मूल्ये रजिस्टरमध्ये टिकवणारे ऑप्टिमायझर रूढ झाल्यानंतरचा, सामान्यतः १९९० च्या दशकातील, असे धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

ऑप्टिमायझेशन बंद असता जीसीसी जवळजवळ प्रत्येक चल स्मृतीत लिहितो. म्हणून ऑप्टिमायझेशनविना केलेल्या डीबग बांधणीत (बिल्डमध्ये) चाचणी पास होते आणि ऑप्टिमायझेशनसह केलेल्या रिलीज बांधणीत फसते. तपासासाठी मध्येच मूल्य छापणारी ओळ घातली की रजिस्टर रिकामे करावे लागते, मूल्य गोल होते आणि दोष नाहीसा होतो. दुष्परिणाम शेवटच्या अंकापुरते राहत नाहीत. क्रमवारी लावणाऱ्या फंक्शनात एक बाजू रजिस्टरमधून आणि दुसरी स्मृतीतून आली तर एकच मूल्य स्वतःपेक्षा लहान ठरू शकते; क्रमाचा नियम मोडतो आणि प्रोग्राम कोसळू शकतो. जानेवारी २०११ मध्ये पीएचपी या भाषेच्या ३२ बिटी आवृत्त्या २.२२५०७३८५८५०७२०११ई-३०८ ही संख्या वाचताना अनंत फेऱ्यांत अडकतात असे आढळले. कारण हेच : फेरीतील दुरुस्ती रजिस्टरच्या जादा बिटांमुळे पूर्णत्वास जात नव्हती. संबंधित चल ‘व्होलाटाइल’ घोषित करून, म्हणजे ते स्मृतीत लिहिणे भाग पाडून, दोष दूर करण्यात आला.

२००० मध्ये पेंटियम ४ बरोबर एसएसई२ सूचनासंच आला. त्यात दुहेरी अचूकतेची आकडेमोड ५३ बिटांतच होते. ६४ बिटी एक्स८६ (इंटेल व एएमडीच्या प्रोसेसरांचे कुल) मध्ये तो संच मूलभूत असल्याने तेथे ही अडचण बहुतांशी मिटली. ३२ बिटी बांधणीत, उदाहरणार्थ डेबियन या लिनक्स-वितरणाच्या जुन्या आय३८६ शाखेत, ती टिकून राहिली.

अधूनमधून फसण्याचे कारण : त्याच यंत्रावर तोच बायनरी (बांधून तयार झालेला प्रोग्राम) वेगवेगळी उत्तरे कशी देतो, हा वादाचा मुद्दा आहे. इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच थांबवणारा संकेत) आला की ऑपरेटिंग सिस्टिम रजिस्टरे स्मृतीत हलवते आणि त्या वेळी जादा बिट गळतात, हा समज दीर्घकाळ प्रचलित आहे. तो स्वीकारणे कठीण आहे. प्रक्रिया बदलताना लिनक्स व विंडोज रजिस्टरे पूर्ण ८० बिटांत जतन करतात, आणि कोणते मूल्य स्मृतीत जाईल हे बांधणीच्या वेळीच ठरलेले असते. तोच बायनरी, तेच इनपुट, तोच प्रोसेसर आणि तीच नियंत्रण-स्थिती (आकडेमोडीची अचूकता वगैरे ठरवणारी प्रोसेसरची मांडणी) असता एका थ्रेडची आकडेमोड तेच उत्तर देते. अस्थिरता दिसते तेव्हा या चारपैकी काहीतरी नकळत बदललेले असते, असे मानून शोध घेणे फलदायी ठरते.

नियंत्रण-स्थिती बदलण्याची उदाहरणे सुविदित आहेत. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्ट३डी ९ या ग्राफिक्स-प्रणालीला वेगळे सांगितले नाही तर ते कॉल करणाऱ्या थ्रेडची अचूकता एकेरीवर आणते. ‘फास्ट-मॅथ’ या, वेगासाठी आकडेमोडीचे नियम शिथिल करणाऱ्या, फ्लॅगने बांधलेली शेअर्ड लायब्ररी लोड झाली की जीसीसीने तिच्यात जोडलेला आरंभकोड अतिसूक्ष्म संख्यांना शून्य करणारी स्थिती चालू करी. ही स्थिती थ्रेडनिहाय असते, त्यामुळे लायब्ररी लोड होण्यापूर्वी सुरू झालेले थ्रेड तिच्यापासून सुटत. चाचण्यांचा क्रम बदलला की निकाल बदले. २०२२ साली पायथॉनच्या काही पॅकेजांत हा प्रकार उघडकीस आला आणि जीसीसी १३ पासून शेअर्ड लायब्ररीत हा कोड जोडणे थांबले. इंटेलच्या एमकेएल या गणिती लायब्ररीत अॅरेचा पत्ता स्मृतीत कोणत्या सीमेवर पडतो यानुसार बेरजेचा क्रम बदलू शके. २०१२ च्या सुमारास तिच्यात निकाल स्थिर ठेवणारा पर्याय देण्यात आला.

चाचण्या अनेक यंत्रांच्या समूहावर वाटल्या जातात तेव्हा यंत्रच बदलते. जीलिबसी या लिनक्सवरील मूलभूत सी लायब्ररीच्या साइन, एक्स्प, पॉवर यांसारख्या फंक्शनांच्या अनेक आवृत्त्या असतात आणि प्रोग्राम सुरू होताना प्रोसेसर पाहून त्यांतील एक निवडली जाते. व्यस्ताची आणि वर्गमूळाच्या व्यस्ताची अंदाजी सूचना इंटेल व एएमडीवर वेगळे बिट देते, त्रुटी १.५ गुणिले २ चा उणे १२ वा घात या मर्यादेत ठेवा, एवढेच तिच्या विनिर्देशात सांगितले आहे.

एफएमए : गुणाकार व बेरीज एकत्र करून एकदाच गोल करणारी ही सूचना आयबीएमच्या आरएस/६००० मध्ये १९९० साली आली, आयईईई ७५४ च्या २००८ च्या आवृत्तीत मानकाचा भाग झाली आणि इंटेलच्या हॅसवेलमध्ये २०१३ साली दाखल झाली. ६४ बिटी आर्म या प्रोसेसर-कुलात ती मूळ संचातच आहे. वरील उदाहरणात ०.१ ला १० ने गुणून १ वजा केले तर दोनदा गोल होऊन शून्य येते. एफएमएने २ चा उणे ५४ वा घात येतो. समान मूल्यांच्या वर्गांची वजाबाकी एफएमएमुळे ऋण येऊ शकते आणि तिचे वर्गमूळ काढताना ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ असे दर्शवणारे मूल्य) मिळतो. जीसीसी आपल्या मूळ मांडणीत असे एकत्रीकरण करू देतो. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने आवृत्ती १४ पासून, २०२२ साली, एका राशीपुरती (एक्स्प्रेशनपुरती) ही मुभा मूळ मांडणीतच दिली. म्हणून एक्स८६ वर वर्षानुवर्षे पास होणारी चाचणी आर्मवर पहिल्याच दिवशी फसते. अमेरिकेच्या एनसीएआर या वातावरण-संशोधन संस्थेच्या सीईएसएम या हवामान-प्रारूपाचे निष्कर्ष आर्गोन प्रयोगशाळेच्या ‘मीरा’ महासंगणकावर सांख्यिकीय चाचणीत बसत नव्हते. एफएमए बंद करताच ते बसले.

शोधपद्धती : उत्तर दशमानात छापण्याऐवजी षोडशमानात छापणे ही पहिली पायरी, सी९९ (सी भाषेचे १९९९ चे मानक) मधील ‘%ए’ हा प्रकार त्यासाठीच आहे. फसलेल्या प्रत्येक फेरीसोबत प्रोसेसरचे नाव, त्याच्या सूचनासंचाची यादी आणि बांधणीचे संपूर्ण फ्लॅग जतन करावेत. ‘नेटिव्ह’ हा फ्लॅग बांधणीच्या यंत्रानुसार अर्थ बदलतो, म्हणून त्याचा प्रत्यक्ष विस्तार नोंदवणे आवश्यक ठरते. एफएमए नसलेल्या प्रोसेसरची स्थिती जीलिबसीच्या ट्यूनेबल चलाने किंवा क्यूईएमयू या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या साधनात निर्माण करता येते. त्यानंतर अर्ध्या फाइली एका फ्लॅगने व अर्ध्या दुसऱ्याने बांधून लिंक कराव्यात आणि दोषी अर्धा पुन्हा विभागत एका फाइलीपर्यंत, पुढे फंक्शनपर्यंत पोहोचावे. युटा विद्यापीठात लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या सहकार्याने विकसित झालेले एफएलआयटी हे साधन हीच विभागणी आपोआप करते.

चाचणीतील सहनसीमा वाढवणे हा सर्रास केला जाणारा उपाय आहे. दोन उत्तरे कोणत्या क्रियेपाशी वेगळी झाली हे कळण्याआधी तो करणे अयोग्य, कारण त्याच सीमेआड आरंभमूल्य न दिलेल्या चलासारखा खरा दोषही लपतो.

भाषांची भूमिका : जादा बिट वापरू द्यावेत असे काहान आग्रहाने मांडत, निकाल सर्वत्र एक यावा असे मानणाऱ्यांचा कल काटेकोर नियमांकडे आहे. जावाने १९९८ मध्ये काटेकोरपणा ऐच्छिक केला आणि २०२१ च्या आवृत्ती १७ मध्ये तो पुन्हा सक्तीचा केला. सी९९ ने आकडेमोड कोणत्या अचूकतेत होते हे प्रोग्रामला विचारता येण्याची सोय केली. जीसीसीत मानकाबरहुकूम जादा अचूकता हाताळणारा फ्लॅग सी साठी २०१० च्या आवृत्ती ४.५ मध्ये आणि सी++ साठी २०२३ च्या आवृत्ती १३ मध्ये आला.