आपटे, हरी नारायण

आपटे, हरी नारायण : (८ मार्च १८६४–३ मार्च १९१९). मराठी कादंबरीकार, कथाकार, नाटककार व संपादक. जन्म खानदेशातील पारोळे येथे. लहानपणीच आई वारल्यामुळे त्यांचे संगोपन एकत्र कुटुंबात झाले, आणि मुंबईत वकिली करणारे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे त्यांचे खरे आधार ठरले. १८७८ च्या सुमारास कुटुंब पुण्यास आले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व आगरकर यांच्या सहवासाचा त्यांना लाभ झाला. १८८२ मध्ये चिपळूणकरांच्या निधनानंतर त्यांनी लिहिलेली ‘शिष्यजनविलाप’ ही विलापिका त्यांच्या आरंभीच्या लेखनात मोडते. पुढे महाविद्यालयीन शिक्षण पदवीवाचून सुटले. संस्कृत व इंग्रजी वाङ्मयाचे वाचन मात्र अखेरपर्यंत चालू राहिले. महादेवरावांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम या संस्कृत ग्रंथसंस्थेची व्यवस्था त्यांनी पाहिली. तेथील स्थिर आयुष्यामुळे त्यांना सलग लेखन करता आले, असे मानण्यास जागा आहे.

हरिभाऊंच्या कादंबऱ्यांची कालनिश्चिती ही अभ्यासकांपुढील जुनी अडचण आहे. बहुतेक कादंबऱ्या आधी नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाल्या आणि पुस्तकरूप त्यांना नंतर मिळाले. त्यामुळे कोणी लेखनारंभाचे वर्ष देतो, कोणी समाप्तीचे, तर कोणी पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचे. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीपुढे १८९० आणि १८९३ ही दोन्ही वर्षे आढळतात ती यामुळेच, आणि आपापल्या अर्थाने दोन्ही बरोबर आहेत. कादंबऱ्यांची संख्याही अशीच सैल आहे. अपूर्ण राहिलेल्या कृती धरल्या तर ती साधारणपणे वीस-एकवीस भरते. प्रस्तुत नोंदीत शक्य तेथे क्रमशः प्रकाशनाचा काळ ग्राह्य धरला आहे. त्या त्या वर्षीच्या सामाजिक वादांशी कृतीचे नाते जोडायचे असेल, तर वाचकाच्या हाती प्रकरण पडले तो काळच महत्त्वाचा ठरतो.

पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) ‘पुणेवैभव’ या पत्रातून आली. तिच्यावर इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याच्या लंडनच्या रहस्यकथांची छाया आहे, हे सर्वमान्य आहे. मतभेद आहे तो या ऋणाच्या प्रमाणाविषयी. काही समीक्षक तिला जवळजवळ रूपांतर समजतात. तथापि व्यसने, ढोंग आणि जुन्या-नव्याच्या कात्रीत सापडलेला सुशिक्षित वर्ग यांचे तिच्यातील चित्रण पुण्याचेच आहे. सांगाडा उसना आणि माणसे घरची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तिच्यापूर्वी बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ने (१८५७) विधवांच्या दुःखाला कादंबरीत स्थान दिले होते. पण ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कृतींचा प्रवाहच त्यानंतर प्रबळ झाला. मराठी सामाजिक कादंबरीचे जनकत्व पदमनजींना द्यावे की हरिभाऊंना, हा वाद त्यातून उद्भवतो. कालानुक्रमाने मान पदमनजींचा आहे. मात्र परंपरा म्हणता येईल अशी सलग निर्मिती हरिभाऊंपासून सुरू होते.

१८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि सुमारे सत्तावीस वर्षे चालविले. घरातील स्त्रियांना व मुलांनाही निःसंकोच वाचता यावे असे मनोरंजन आणि त्याच्याबरोबर सहज मिळणारा बोध, हे त्याचे धोरण होते. आगरकरांच्या ‘सुधारका’तील तर्ककठोर मते येथे गोष्टीच्या रूपाने घरात शिरली. आठवड्याला मजकूर पुरविण्याच्या या व्यवसायाने हरिभाऊंच्या शैलीवर बरे-वाईट दोन्ही परिणाम केले. पाल्हाळ, पुनरुक्ती, वाचकाशी मधूनच साधलेला संवाद, प्रकरणाच्या शेवटी ताणून धरलेली उत्कंठा आणि काही कादंबऱ्यांचे अर्ध्यावर थांबणे यांचे मूळ बव्हंशी येथे आहे. पात्रांच्या बोलण्यातील घरगुती जिवंतपणा आणि प्रसंग सावकाश उलगडण्याची सवय हीदेखील त्याचीच देणगी होय.

‘आजकालच्या गोष्टी’ या सदराखाली येणाऱ्या सामाजिक कादंबऱ्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो?’ (१८९०–९३) ही सर्वश्रेष्ठ मानली जाते. यमू या ब्राह्मण विधवेचे हे आत्मकथन आहे. माहेरचे बालपण, सासरची शिस्त, सुशिक्षित पती रघुनाथरावांबरोबर मुंबईत लाभलेले थोडे मोकळे दिवस आणि त्यांच्या मृत्यूनंतरची परवड असा तिचा क्रम आहे. यमूच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन होते, तो प्रसंग मराठी गद्यातील अत्यंत दाहक प्रसंगांपैकी एक आहे. येथे लेखक रूढीवर व्याख्यान देत नाही. शंकरमामंजींसारख्या धर्माचा आव आणणाऱ्या माणसाचा निर्दयपणा आणि घरातल्यांची मुकी संमती एवढेच तो समोर ठेवतो. यमूची मैत्रीण दुर्गी हिची कथा समांतर चालते. नवरा जिवंत असूनही वाट्याला येणारे हाल त्या कथेत दिसतात, त्यामुळे प्रश्न केवळ वैधव्याचा राहत नाही. कादंबरी प्रसिद्ध होत असतानाच, १८९१ मध्ये, शरीरसंबंधासाठी मुलींचे किमान वय वाढविणारा संमतिवयाचा कायदा झाला. त्या वादातील दोन्ही पक्षांची मते वर्तमानपत्रांत भरपूर सापडतात. ज्या मुलींविषयी हा वाद चालला होता, त्यांच्यातल्या एकीचा आवाज ऐकवणे हे या कादंबरीचे कार्य होय. पुरुष लेखकाला हा आवाज इतका साधला, याचे श्रेय काही अभ्यासक लेखिका काशीबाई कानिटकर यांच्याशी असलेल्या त्यांच्या वाङ्मयीन स्नेहालाही देतात.

‘मी’ (१८९३–९५) या आत्मकथनात्मक कादंबरीचा नायक भाऊ हा पुढे भावानंद होतो आणि प्रपंच सोडून लोकसेवेला वाहून घेतलेल्या कार्यकर्त्यांचा मठ स्थापतो. गोपाळ कृष्ण गोखले व त्यांची भारत सेवक समाज ही संस्था यांच्याशी भावानंदाचे नाते जोडण्याचा प्रघात आहे. परंतु ती संस्था १९०५ ची आणि कादंबरी दहा वर्षे आधीची असल्याने, तिला संस्थेचे प्रतिबिंब म्हणता येत नाही. त्यागी कार्यकर्त्याची कल्पना त्या काळच्या पुण्यातील शिक्षणसंस्थांत रुजलेली होती. तिचा पुढील टप्पा कादंबरीकाराने आधी कल्पिला, असे म्हणणे अधिक सुरक्षित ठरेल. ‘गणपतराव’, ‘यशवंतराव खरे’, ‘जग हें असें आहे’, ‘भयंकर दिव्य’, ‘मायेचा बाजार’ व ‘कर्मयोग’ या त्यांच्या इतर सामाजिक कादंबऱ्या होत.

ऐतिहासिक कादंबरीचा प्रारंभ रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) धरतात. हरिभाऊंनी इंग्रज कादंबरीकार मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधारे ‘म्हैसूरचा वाघ’ लिहून या क्षेत्रात पाऊल टाकले. ‘उषःकाल’ (१८९५–९७) ही त्यांची या प्रकारातील सर्वांत गाजलेली कृती आहे. आदिलशाहीशी इमान राखणारे सुलतानगडचे रंगराव आप्पा आणि शिवाजी महाराजांकडे ओढला जाणारा त्यांचा मुलगा नानासाहेब यांच्यातील दुरावा तिच्या केंद्रस्थानी आहे. तेव्हा इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंडही (१८९८) निघालेला नव्हता. म्हणून तिच्यातील तपशील आजच्या संशोधनाच्या कसोटीला लावणे अन्यायाचे होईल. ‘गड आला पण सिंह गेला’ (तानाजी मालुसरे), ‘रूपनगरची राजकन्या’ (राजपुतांचा औरंगजेबाशी संघर्ष), ‘चंद्रगुप्त’ (मौर्य) आणि ‘वज्राघात’ (विजयनगरचा पाडाव) यांवरून त्यांच्या विषयांचा विस्तार लक्षात येतो. बाबूराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ (१९२३) हा मूकपट यांपैकी पहिलीवर आधारलेला होता.

‘स्फुट गोष्टी’ या नावाने संगृहीत झालेल्या त्यांच्या कथांनी मराठी लघुकथेची पायाभरणी केली. रचनेच्या दृष्टीने त्या सैल आहेत आणि अनेकदा छोट्या कादंबरीसारख्या पसरतात. ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळात होरपळणाऱ्या शेतकरी कुटुंबाची कथा मात्र वेगळी आहे. पुण्याच्या पांढरपेशा जगाबाहेर लेखकाची सहानुभूती किती खोल जाऊ शकत होती, याचा तो उत्तम पुरावा आहे. तिचे ‘रामजी’ या नावाने इंग्रजीत भाषांतर झाले.

नाटकांत ‘संत सखू’ व ‘सती पिंगला’ ही स्वतंत्र नाटके आहेत, तर ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ व ‘जबरीचा विवाह’ ही फ्रेंच नाटककार मोल्येरच्या प्रहसनांची रूपांतरे आहेत. १९१२ मध्ये अकोला येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मराठीची उगमस्थाने व विकास या विषयावर त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेत इंग्रजीतून व्याख्याने दिली. पुणे नगरपालिकेतही त्यांनी काम केले. केशवसुतांच्या कविता त्यांनी ‘करमणूक’मधून छापल्या, आणि कवीच्या मृत्यूनंतर त्यांचा संग्रह प्रसिद्ध करण्याची जबाबदारीही त्यांनीच उचलली.