"कुलूप होतं की!"

मे महिन्यात पुण्याच्या मावसभावाने तारकर्लीला खोली ऑनलाइन बुक केली, पैसे आगाऊ भरले. आमच्याकडे येऊन शोधतो तर त्या नावाचं घरच नाही. त्याचं एकच पालुपद: "अरे, साइटला कुलूप होतं की!"

होतं, आणि खरं होतं. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणारं ते कुलूप एवढंच सांगतं की पत्त्यात दिसतंय त्याच साइटशी तुम्ही बोलताय आणि मधे कुणी ऐकत नाहीये. साइटवाला भामटा आहे का, हे ते पाहतच नाही. पेटीचं सील शाबूत म्हणून आत देवगड हापूसच, असं इथलं शेंबडं पोरही मानणार नाही. हा गैरसमज इतका पसरला की क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकलं.

कुलूप दिसतं ते साइटच्या सर्टिफिकेटामुळे. त्यात साइटचं नाव, तिची जाहीर किल्ली (सगळ्यांना दाखवायचा आकडा; जोडीची गुप्त किल्ली मालकाजवळच), मुदत आणि देणाऱ्या संस्थेची सही असते. खरी गंमत सहीत. रूढ पद्धत अशी: संस्था मजकुराचा २५६ बिटांचा ठसा, म्हणजे मजकुरावरून ठरणारा एक आकडा, काढते. एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो. ठशात ठरावीक भर घालून झालेल्या आकड्याचा ती आपल्या गुप्त किल्लीइतका घात करते, त्याला सहसा ६१७ अंकी संख्येने भागते आणि बाकी ठेवते. ही बाकी म्हणजे सही! ब्राउझर त्या बाकीचा ६५,५३७ वा घात करून त्याच संख्येने भागतो. बाकीत भरीसकट ठसा परत आला, तर सही अस्सल. त्या संख्येचे दोन मूळ अवयव सापडल्याशिवाय खोटी सही जमत नाही. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या संगणकतज्ज्ञांची ही १९७७ सालची करामत. सही तपासायला कुणाला विचारावंही लागत नाही, मूळ संस्थांच्या जाहीर किल्ल्या तुमच्या फोनात आधीच असतात.

संस्थाच फुटली तर? २०११ मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटारमध्ये घुसून चोरट्यांनी गूगलच्या नावाचं सर्टिफिकेट काढलं. कंपनी त्याच वर्षी बुडाली. आता सर्टिफिकेटांची नोंद जाहीर वह्यांत होते, कुणीही बघावी.

लेट्स एन्क्रिप्ट ही अशीच एक संस्था २०१५ पासून सर्टिफिकेट फुकट देते. पत्ता तुमच्या ताब्यात आहे का, एवढंच तिचं यंत्र तपासतं. भामट्याचा पत्ता भामट्याच्याच ताब्यात असतो. साइटवर चिकटवलेलं 'शंभर टक्के सुरक्षित'चं चित्र तर होडीला बांधलेल्या लिंबू-मिरचीइतकंच कामाचं.

मी भावाच्या त्या साइटचं नाव वहीत शोधलं. 'पंधरा वर्षं पर्यटकांच्या सेवेत' म्हणवणाऱ्या साइटचं पहिलं सर्टिफिकेट बुकिंगच्या नऊ दिवस आधीचं निघालं.