पांढऱ्या भिंतीत पांढरं किती?

जुन्या काळातल्या घरांचे अंतर्भाग चित्रात रंगवायला शिकायचं, म्हणून मी नक्कल करायला घेतली ती सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या ‘दूधवाली’ची. चित्र 1660च्या आसपासचं, अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं, आणि आकाराने जेमतेम 45 बाय 41 सेंटिमीटर. (बाई दूध विकणारी नाहीच, घरातली मोलकरीण आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.) पाव, मातीचं भांडं, निळं एप्रन अवघड जाईल असं वाटत होतं. अडलं भलतीकडेच. मागची भिंत पांढरी, म्हणून मी ट्यूबमधला पांढरा रंग थापला, तर बाईच्या मागे कुणी चादर वाळत घातल्यासारखं दिसायला लागलं!

चूक हाताची नव्हती, डोळ्यामागच्या मेंदूची होती. उन्हात पडलेल्या कोळशाकडून डोळ्यात येणारा प्रकाश खोलीत सावलीत ठेवलेल्या पांढऱ्या कागदाकडून येणाऱ्या प्रकाशापेक्षा जास्त असू शकतो. तरी कोळसा काळाच दिसतो आणि कागद पांढराच. मेंदू उजेडाचा हिशेब परस्पर वजा करून टाकतो आणि वस्तूचा ‘मूळ’ रंग तेवढा आपल्यापुढे ठेवतो. रोजच्या जगण्यात याचा फायदाच होतो, चित्रकाराची मात्र पंचाईत होते, कारण त्याला वजा झालेला उजेडच रंगवायचा असतो.

यावर साधा उपाय आहे. करड्या पुठ्ठ्याला बोटाएवढं भोक पाडायचं आणि चित्र त्यातून तुकड्यातुकड्याने बघायचं. आजूबाजूचं झाकलं गेलं की मेंदूला वजाबाकी करायला आधारच उरत नाही. मी तसं पाहिलं तेव्हा खिडकीखालची ‘पांढरी’ भिंत मळकट तपकिरी-करडी निघाली. तीच भिंत उजवीकडे सरकताना उजळत जाते. तपासणीत या भिंतीच्या रंगात शिशाचा सफेदा, अंबर नावाची तपकिरी माती आणि कोळशाची पूड सापडली आहे. भिंतीत ठोकलेला एक खिळा आहे, त्याची इवलीशी सावली आहे. ती सावली काढताना पहिल्यांदा मला उजेड डावीकडून, वरून येतोय हे कळलं. तोवर नुसतं माहीत होतं.

आणखी एक गोष्ट नक्कल करतानाच ध्यानात येते. बाईची उजेडातली बाजू भिंतीच्या गडद भागावर येते आणि सावलीतली बाजू उजळ भागावर. हा योगायोग म्हणायला मी तयार नाही. उजळ रंग गडदाशेजारी ठेवला की दोन्ही आपापल्या दिशेने ताणले जातात, डोळ्याची रचनाच तशी आहे. तिथून तर ती बाई भिंतीपासून सुटून पुढे येते.

मग सरळ खऱ्या खोलीत बसूनच का शिकू नये? अडचण आकड्यांची आहे. खिडकी असलेल्या खोलीत सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळोखी जागा यांत हजार पटींचा फरक सहज असतो. कॅनव्हासवरचा पांढरा मात्र काळ्यापेक्षा फार तर 30-40 पट उजळ. म्हणजे एवढा मोठा फरक दाबून बसवायचा. कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं, हे खोली सांगत नाही. जुन्या चित्रात तो निर्णय कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेला असतो.

खोलीच्या खोलपणाचं गणित त्यामानाने सोपं. व्हर्मीरच्या डझनाहून अधिक चित्रांत लोपबिंदूपाशी, म्हणजे खोलवर जाणाऱ्या समांतर रेषा जिथे एकत्र आल्यासारख्या दिसतात तिथे, टाचणीचं भोक सापडलं आहे. टाचणीला खडू लावलेला दोरा बांधायचा, ताणायचा, टिचकी मारायची, की रेघ तयार. ‘दूधवाली’त ते भोक तिच्या उजव्या हाताच्या किंचित वर आहे. दोरा-टाचणीने मला तासाभरात खिडकी जमली. भिंतीला तीन आठवडे लागले.

काय काढून टाकलं, हेही शिकण्यासारखं. 2022 साली राइक्सम्युझियमने जाहीर केलं की भिंतीच्या रंगाखाली भांडी टांगायची फळी आणि निखाऱ्याची टोपली दडली आहे. व्हर्मीरने ती आधी योजली आणि मग बुजवली.

नक्कल करून शिकणारा मी एकटाच नाही. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटने 1879 मध्ये माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार वेलास्केझ याच्या ‘लास मेनिनास’ची नक्कल केली. त्या प्रचंड चित्राचा वरचा अर्धा भाग जवळजवळ नुसता अंधार आहे. तीन वर्षांनी त्याने पॅरिसमधल्या एका घरात बॉइट कुटुंबाच्या चार मुली रंगवल्या. धाकटी उजेडात बसली आहे, दोघी मागच्या काळोखाच्या तोंडाशी उभ्या आहेत आणि त्यातल्या एकीचा चेहरा नीट दिसतही नाही.